जुन्या पद्मिनीची ऑइल गेज: तीन आणल्या, खरी कुठली?

डोंबिवलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वडिलांची १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, वडील गेल्यापासून चार वर्षं बिल्डिंगखाली उभी होती. आता ती रस्त्यावर आणायचं ठरवलंय. तेल बघायला मेकॅनिकने ऑइल गेज, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, ओढली तर ती वरच्या कडीपासून तीन-चार इंचांवर तुटून हातात आली. खालच्या तुकड्याचं काय झालं, तर ‘काढून टाकला असेल साहेब’. मग यांनी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन आणि चोर बाजारातून एक अशा तीन गेज आणल्या. तिन्ही आत बसतात, तिन्हींवर दोन-दोन खुणा आहेत. पण तेच तेल एकीवर काठोकाठ दिसतं, दुसरीवर निम्मं, आणि तिसरीवर खालच्या खुणेलाही लागत नाही. त्यांचं विचारणं असं की यातली ओरिजिनल कुठली आणि ती ओळखायची कशी.

मी गेली पस्तीसेक वर्षं परळ-लालबाग भागात गाड्यांचंच काम करतोय, त्यातली निम्मी फियाटवर, म्हणजे पद्मिनी आणि तिच्या आधीच्या बहिणींवर गेली. म्हणून आधी एक सांगतो. ‘ओरिजिनल कुठली’ या प्रश्नाने तुम्ही अडकाल. समजा तिघींपैकी एक खरोखर कंपनीची निघाली, तरी ती तुमच्या इंजिनाची असेलच असं नाही. विचारायचं ते असं: तुमच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल नेमकं कुठपर्यंत उभं राहायला हवं, आणि ती उंची कुठली गेज खरी दाखवते? हे कळलं की गेज कुर्ल्याची आहे की चोर बाजारातली, याने काही फरक पडत नाही.

पण त्याच्याही आधी तो तुटलेला तुकडा. ‘काढून टाकला असेल’ यावर विश्वास ठेवून गाडीला स्टार्टर मारू नका. मेकॅनिकने तो तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी बाहेर पाहिला असेल तर ठीक, नाहीतर तो चेंबरमध्ये आहे असंच धरून चाला. पातळ पोलादी पट्टी चेंबरच्या तळाशी आडवी पडली तर कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही. तीच तिरकी उभी राहिली आणि फिरत्या क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) लागली, तर वाकून कुठे अडकेल ते कुणालाच सांगता येणार नाही. तेल काढाल तेव्हा चेंबरचा नट उघडल्यावर त्या भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक वायरचा कॅमेरा आत घालून बघा. लॅमिंग्टन रोडला तो सहज मिळतो. चेंबर पत्र्याचा असेल तर लोहचुंबकाच्या भानगडीत पडू नका, चुंबक चेंबरलाच चिकटून बसतो. कॅमेऱ्यात तुकडा दिसला, किंवा काहीच नीट दिसलं नाही, तर सरळ चेंबर उतरवा. चार वर्षं उभ्या गाडीचा चेंबर उतरवणं तसंही वाया जात नाही. तळाला बसलेला काळा गाळ निघतो, तेलाच्या पंपाची जाळी धुऊन होते आणि नवीन पॅकिंग बसतं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही चेंबर खाली असतानाच हाताला लागतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आता या तिन्ही गेज वेगवेगळं का सांगतात ते बघू.

गेज म्हणजे मुळात पट्टीच, फक्त तिचा शून्य खाली टोकाला नसतो, वर असतो. गेजला वरच्या बाजूला कॉलर असते, ती नळीच्या तोंडावर किंवा ब्लॉकच्या (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) भोकावर टेकते. तिथपासून खाली अमुक मिलिमीटरवर वरची खूण, तमुक मिलिमीटरवर खालची. कॉलरखालचं अंतर तेवढं खरं. टोक कुठे संपतं, कडी गोल आहे की चपटी, मूठ काळी आहे की पिवळी, याचा तेलाशी काही संबंध नाही. आणि हे अंतर तीन गोष्टी मिळून ठरवतात: ती नळी किंवा भोक, तो ब्लॉक आणि तो चेंबर. तिघांतलं एक बदललं की गेज खोटी बोलायला लागते. कुणी नळी नवीन ठोकताना पाच मिलिमीटर जास्त आत बसवली तर गेजच्या खुणा पाच मिलिमीटरने खाली सरकतात. वाकलेला चेंबर जॅकवर ठोकून सरळ केला असेल, तर तळाची उंचीच बदललेली असते.

एक नियम लक्षात ठेवा, कारण यात भलेभले उलट विचार करतात. कॉलरपासून वरच्या खुणेपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकी ती खूण चेंबरमध्ये खाली पोचते. म्हणजे अशी गेज कमी तेलातच ‘फुल’ दाखवते. अंतर कमी असेल तर उलटं, म्हणजे तेल जास्त भरलं जातं आणि गेज अजून मागतच राहते. तुमच्या तिघींपैकी जी काठोकाठ दाखवते ती कॉलरखाली सगळ्यांत लांब असणार. तीच दिसायला सगळ्यांत समाधान देते, आणि तीच सगळ्यांत धोक्याची असू शकते.

हे मी एका गाडीच्या जिवावर शिकलो. उमेदवारीचा काळ होता, परळच्या एका गॅरेजात. उस्तादांच्या हाताखाली दोन फियाट एकाच वेळी उघड्या होत्या, एक डिलाइट आणि एक पद्मिनी. दोन्हींच्या गेज पुसून मी एकाच ट्रेमध्ये ठेवल्या आणि बसवताना अदलाबदल केली. दोन्ही आत गेल्या, दोन्हींवर खुणा होत्या, मला काही वावगं दिसलं नाही. पण त्यातल्या एका इंजिनावर चेंबर आधीच कुणीतरी दुसऱ्याचा चढवलेला होता आणि त्याची गेज त्या चेंबरप्रमाणे कापून घेतलेली होती. गिऱ्हाईक सकाळी गेज बघून, ‘फुल’ वाचून, कुटुंबाला घेऊन नाशिकला निघाले. कसारा घाटात वळणावळणावर ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि घाट संपायच्या आत बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) वाजायला लागलं. गाडी टो करून आणली. चेंबरमधून तेल काढून मापात ओतलं तर हवं त्यापेक्षा लिटरभराहून जास्त कमी निघालं. उस्तादांनी आवाज चढवला नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे उघडलेल्या प्रत्येक इंजिनाची गेज त्याच गाडीच्या नंबराची चिठ्ठी बांधून खिळ्याला टांगली जाऊ लागली. माझ्या गॅरेजात ती पद्धत आजही चालू आहे. ते बेअरिंग माझ्या चुकीने गेलं. म्हणूनच हा प्रश्न वाचल्यावर चार ओळींत उत्तर द्यावंसं वाटेना.

मुंबईत ही सरमिसळ इतकी का झाली, त्याला कारण आहे. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जवळपास तीन तपं निघत राहिली. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. त्यामुळे बाजारात ‘फियाटचं’ म्हणून सगळं एकाच ढिगात पडतं. त्यात पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली, आणि टॅक्सीवर एका गाडीचा चेंबर, दुसरीचा ब्लॉक, तिसरीची गेज असं चालूच असायचं. टॅक्सीवाल्याला गाडी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी असायची, भाग कुठल्या साली निघाला हे बघायला त्याला सवड नव्हती. वयोमर्यादा संपून त्या टॅक्सी टप्प्याटप्प्याने भंगारात गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्यांचेच भाग आज कुर्ल्यात पोत्यांनी पडलेले असतात. दुकानदार ‘फियाटचीच आहे’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक खरंच बोलत असतो. कुठल्या फियाटची, हे त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून आधी आरसी बुक हातात घेऊन ब्लॉकवरचा इंजिन नंबर जुळवून बघा. जुळत नसेल तर ब्लॉक मधल्या काळात बदललेला आहे. कागदपत्रांच्या दृष्टीने तो वेगळा विषय, पण गेजच्या दृष्टीने अर्थ एवढाच की ‘१९७६ ची गेज’ शोधण्यात काही हशील नाही. इंजिन तुमच्याच जातीचं आहे ना, तेही बघून घ्या. नंतरच्या काळात याच कंपनीच्या ११८ एनई गाडीत १,१७१ सीसीचं निस्सान घराण्यातलं इंजिन होतं, आणि पद्मिनीच्या १३७ डी या मॉडेलमध्ये १,३६६ सीसीचं डिझेल. त्यांच्या गेजही त्याच ढिगात मिळतात. चोर बाजारातली तुमची गेज अशा दुसऱ्याच इंजिनाची असली तर मला नवल वाटणार नाही.

आता मोजायला बसा. तिन्ही गेज स्वच्छ पुसून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, कॉलरची खालची कड एका रेषेत आणा, आणि व्हर्निअरने किंवा स्टीलच्या पट्टीने दोन आकडे लिहा: कॉलर ते वरची खूण, कॉलर ते खालची खूण. कॉलरखाली फेल्टचा किंवा रबराचा वायसर असेल तर तो दाबला गेल्यावर जेवढा उरतो तेवढा धरा. जुना फेल्ट दाबून कागदासारखा झालेला असतो, नवा फुगलेला असतो. त्या दोहोंतच दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. गेज ढिली बसून कुणी कॉलरच वर-खाली सरकवली असेल तर तिथे डागाची खूण, ब्रेझिंगचा (पितळी जोडाचा) पिवळट ओघळ किंवा पकडीचे दात दिसतात. अशी गेज लगेच बाजूला काढू नका. कधीकधी ती एखाद्या जाणत्या माणसाने त्याच्या इंजिनाला नीट जुळवून घेतलेली असते. पण ती तुमच्या इंजिनासाठी जुळवलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब करून दाखवतो. समजा तेलाच्या पातळीवर चेंबरची आतली जागा ३० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे ४५० चौरस सेंटिमीटर. गेजवर खुणेत १८ मिलिमीटर फरक असेल, तर गेज सरळ उभी आहे असं धरून तो ८१० मिलिलिटर झाला, म्हणजे पाऊण लिटरच्या वर. लहान इंजिनात एवढं तेल म्हणजे एकूण तेलाचा मोठा वाटा. आणि गेज क्वचितच सरळ उभी असते. ती उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली असेल तर तेल २० मिलिमीटर चढल्यावर गेजवर ते २३ दिसतं. ४५ अंश कललेली असेल तर २८. म्हणून दुसऱ्या गाडीची गेज घेऊन नुसती वरची खूण जुळवली तरी खालची जुळेलच असं नाही. दोन खुणांमधलं अंतर तिच्या जुन्या नळीच्या कलाप्रमाणे आखलेलं असतं.

एवढं मोजून झालं तरी कुठली खरी हे कळत नाही, फक्त कुठली किती वेगळी ते कळतं. निकाल लावायचा तो मापाच्या तेलाने. दुसरी खात्रीची वाट मला आजवर सापडलेली नाही.

गाडीच्या पुस्तकात इंजिन तेलाचं माप दिलेलं असतं. वडिलांनी ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा घरात कागदपत्रांच्या पिशवीत ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे, त्या पिढीची माणसं अशा गोष्टी फेकत नसत. नसेल तर जुन्या फियाटवाल्यांकडून त्या सालच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो मागवा. कुणी तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नका. आणि एकक नीट बघा. जुन्या इटालियन पुस्तकांत तेल किलोत दिलेलं आढळतं. इंजिन तेल पाण्याहून हलकं, लिटरला साधारण ८८० ते ९०० ग्रॅम भरतं, म्हणजे ३ किलो तेल जवळपास ३.४ लिटर होतं. तो आकडा लिटर समजून ओतलात तर पहिल्याच दिवशी चारशे मिलिलिटर कमी. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची इंग्रजी गाडी असेल, मॉरिस किंवा ऑस्टिन, तर तिथे पाइंटचा घोळ असतो. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकन ४७३ चा. शिवाय दिलेला आकडा फिल्टरसकट आहे की फिल्टर सोडून, हेही त्याच ओळीत किंवा खालच्या टिपेत असतं.

माप हातात आलं की गाडी सपाटीवर आणा. मुंबईच्या गाडीच्या बाबतीत यावर थोडं थांबायला हवं. बिल्डिंगखालचं पार्किंग दिसायला सपाट असलं तरी पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला मुद्दाम उतार दिलेला असतो. तीस फुटांना एक फूट एवढा उतार डोळ्यांना जेमतेम कळतो, पण ३० सेंटिमीटरच्या चेंबरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेलात तो एक सेंटिमीटरचा फरक पाडतो. गेज चेंबरच्या मधोमध उतरत असेल तर चुकीचा बराचसा भाग आपोआप कटतो. कडेला उतरत असेल तर सगळी चूक वाचनात येते. स्पिरिट लेव्हल दाराच्या खालच्या पट्टीवर ठेवून बघा, आणि गरज पडली तर चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल करा. चारही टायरांत हवा सारखी हवी. चार वर्षं उभ्या गाडीचा एखादा टायर बसलेला असतोच.

मग चेंबरचा नट, नवा वायसर, नवा फिल्टर, सगळं जागेवर बसवून पुस्तकातल्या मापाचं तेल घाला. मी या इंजिनाला २०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड तेल वापरतो. डब्यावर छापलेल्या लिटरवर विसंबू नका, मापाच्या भांड्याने मोजून ओता, आणि भांड्याला लागलेलं तेल निथळू द्या. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला लगेच पेटवू नका. स्पार्क प्लग काढून टाका आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, म्हणजे पेट्रोल पेटण्याआधी बेअरिंगपर्यंत तेल पोचतं. मग प्लग लावून दोन-तीन मिनिटं मंद चालवा आणि बंद करा. आता फिल्टर आणि आतल्या वाटा तेलाने भरल्या. वीस मिनिटं थांबा, वर चढलेलं तेल चेंबरमध्ये परत उतरू द्या. आत्ता चेंबरमध्ये जी पातळी आहे ती ‘फुल’. गेज कुठलीही असो, हिच्यापुढे तिला झुकावं लागतं.

आता तिन्ही गेज एकेक करून घाला. प्रत्येक वेळी सुती फडक्याने कोरडी पुसून, कॉलर पूर्ण टेकेपर्यंत, एकाच दिशेने तोंड ठेवून. बाहेर काढल्यावर तेलाची कड दोन्ही बाजूंनी बघा. नळीच्या भिंतीला लागून एका बाजूला तेल वर ओढलं जातं, म्हणून दोन बाजूंपैकी जी कड खाली असेल ती खरी. ज्या गेजची वरची खूण या कडेशी जुळली ती तुमच्या इंजिनाची, मग ती कुठूनही आलेली असो. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर मी ती वापरतो. त्याहून जास्त असेल तर नवी खूण करून घेतो.

खालची खूण कशी तपासायची ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पुस्तकात दोन खुणांमधलं तेल किती ते दिलेलं असेल तर पुढच्या तेलबदलाच्या वेळी तेवढं कमी घालून, इंजिन थोडं फिरवून, थांबून खूण करा, मग उरलेलं घाला. दिलेलं नसेल तर चेंबर खाली असतानाची मापं लागतात. मी मघाशी ‘पुढे येईल’ म्हणालो ते हेच. चेंबर उतरवलेला असताना ब्लॉकच्या खालच्या सपाटीपासून तीन मापं घ्या. क्रँक हाताने फिरवत फिरवत बिग एंडचं टोक सगळ्यांत खाली कुठपर्यंत येतं, हे पहिलं. स्ट्रोक ७५ म्हणजे क्रँकच्या मध्यापासून पिनचा मध्य साडेसदतीस मिलिमीटर खाली जातो, आणि त्याखाली बेअरिंगची टोपी व नट. दुसरं, पंपाची जाळी नेमकी किती खोलीवर आहे. तिसरं, गेज कॉलरपर्यंत बसवल्यावर तिच्या खुणा कुठे येतात. ‘फुल’ पातळी क्रँकच्या त्या खालच्या वर्तुळाच्या निदान बोटभर खाली हवी. खालच्या खुणेलाही जाळी तेलात चांगली बुडालेली हवी, नुसती टेकलेली चालत नाही. ब्रेक लागतो, वळण येतं, पेडर रोडचा चढ येतो, तेव्हा तेल चेंबरमध्ये एका बाजूला धावतं, आणि उघड्या पडलेल्या जाळीतून पंप हवा ओढतो.

‘थोडं जास्त असलेलं बरं’ ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे, तीही काढून टाका. क्रँक तेलात बुडाला की तो तेल घुसळतो, फेस होतो. फेसाळलेलं तेल म्हणजे निम्मी हवा, पंप तीच पुढे ढकलतो. या काळातल्या इंजिनांची मागची सीलं आजच्यासारखी नाहीत, जास्तीचं तेल तिथून क्लचकडे वाट काढतं. मग माणूस गळतीसाठी गिअरबॉक्स उतरवतो, आणि खरा दोष चुकीच्या गेजमध्ये असतो. असं काम मी एकदा नव्हे, अनेकदा हातात घेतलंय.

तिघींपैकी एकही जुळली नाही तर घाबरू नका, जवळची एक निवडून ती जुळवता येते. टोक जास्त लांब असेल तर आधी खात्री करा की ते क्रँकला किंवा तळाला लागत नाही. चेंबर खाली असेल तर डोळ्यांनीच दिसतं. वर असेल तर टोकाला थोडं मेण लावा, गेज घाला, प्लग काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, आणि मेणावर घासल्याची रेघ आहे का बघा. लागत असेल तर टोक कापून कानशीने गोल करा, कडेला बारीक कचही राहू देऊ नका. नवी खूण त्रिकोणी कानशीने उथळ ओढा, पट्टीच्या पूर्ण रुंदीवर. पंच मारू नका. पातळ पट्टीवर पंचाची खाच म्हणजे पुढच्या तुटण्याची जागा. तुमची जुनी गेज जिथे तुटली तिथला कडेचा पृष्ठभाग भिंगाने बघा, तिथे अशीच एखादी जुनी खाच किंवा वाकवून सरळ केल्याची खूण मिळेल असा माझा अंदाज आहे. रंग किंवा टेपही नको, गरम तेलात ते सुटून जाळीत जातं. जुन्या खुणा मात्र कानशीने पुसून टाका. एका गेजवर चार खुणा ठेवल्या तर पुढचा मेकॅनिक नेमकी चुकीची वाचेल.

आतापर्यंतचं थोडक्यात: आधी तुकडा शोधायचा, मग इंजिनाची ओळख पटवायची, मग सपाटीवर मापाचं तेल घालून त्या पातळीला गेज जुळवायची. हा क्रम उलटा करू नका.

गेज जुळल्यावर पहिले काही आठवडे रोज सकाळी, गाडी थंड असताना, त्याच जागी बघत जा. थंड म्हणतो कारण तापल्यावर तेल फुगतं. तीन लिटर तेल ६० अंशांनी तापलं तर साधारण सव्वाशे मिलिलिटरने वाढतं, आणि शिवाय थोडं वरच अडकून राहिलेलं असतं. म्हणून एकदा थंड, एकदा गरम बघून तुलना करू नका. थंड वाचायचं हा नियम तुमच्या इंजिनापुरता आहे. काही गाड्यांत तो वेगळा असतो. जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ मध्ये तेल वेगळ्या टाकीत राहतं, तिथे इंजिन गरम आणि चालू असतानाच गेज वाचतात.

पातळी हळूहळू उतरली तर रिंगा, वाल्व्ह-गाइड किंवा गळती, त्याचा शोध सावकाश घेता येतो. पातळी चढली तर मात्र गाडी त्याच दिवशी थांबवा. गेज नाकाशी धरून वास घ्या. या इंजिनावरचा पेट्रोल पंप ब्लॉकला बसवलेला असतो. इतकी वर्षं उभ्या गाडीत त्याचा डायफ्रॅम सुकून फाटलेला असू शकतो, मग पेट्रोल सरळ चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं, गेजवर छान ‘फुल’च्या वर दिसतं, आणि बेअरिंग उपाशी राहतं. गेजवर दुधी, चहासारखा फेस आला तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट बघा. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा दुधी थर नुसत्या दमटपणानेही येतो, तो लांब फेरीनंतर जातो. गेजच्या खालच्या टोकावर मात्र दुधी काही दिसता कामा नये.

तेल काढाल तेव्हा ते काळ्या बादलीत काढू नका. स्टीलच्या किंवा पांढऱ्या टबात काढा, रात्रभर ठेवा आणि सकाळी उन्हात तिरकं करून तळाशी बघा. तांब्याच्या किंवा चांदीच्या रंगाची चमक दिसली तर गेजचा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा, आधी बेअरिंग उघडून बघायला लागेल. चमक नसेल तर तिन्ही गेजची मापं, कॉलर ते वरची खूण आणि कॉलर ते खालची खूण, इथेच लिहा. सोबत ब्लॉकवरचा नंबर जुळला की नाही तेवढं सांगा, पूर्ण नंबर इथे टाकू नका. माझ्या खिळ्यावर अजून दोन पद्मिनींच्या गेज टांगलेल्या आहेत, त्या मी तुमच्या आकड्यांशी ताडून बघेन. आणि तो तुकडा सापडला की नाही, तेही कळवा.